गिअर खाली टाकताना इंजिनाचे फेरे जुळतात का?

भाईंदर, प्रतिनिधी - भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत उत्तन आणि तेथून चौककडे जाणारा रस्ता महामार्गासारखा सरळ आणि रुंद नाही. चौकच्या टेकडीवर चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेची आठवण सांगणारा धारावीचा किल्ला आहे, पायथ्याशी कोळीवस्ती आहे आणि या साऱ्यांमधून रस्ता वळणे घेत, चढत-उतरत जातो. महापालिकेच्या बसगाड्या, मासळीचे टेम्पो आणि सुटीच्या दिवशी सहलीला येणाऱ्यांच्या मोटारी याच रस्त्यावर एकमेकींना वाट देत असतात. अशा रस्त्यावर चालकाला चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर सतत यावे लागते. वरचा गिअर टाकणे सहसा सर्वांनाच जमते. खालचा गिअर टाकताना मात्र पुष्कळांची गाडी हिसका देते, प्रवाशांच्या माना पुढे झुकतात आणि इंजिन एकदम घोंघावते. हा हिसका म्हणजे सवयीचा भाग आहे असे समजून चालक तो सोडून देतात. वस्तुतः तो गाडीने दिलेला इशारा असतो.

शक्तिशाली मोटारी चालविणाऱ्या शौकिनांच्या बोलण्यात 'रेव्ह मॅचिंग' हा शब्द वारंवार येतो. शर्यतीच्या ट्रॅकवरचे काहीतरी अवघड कसब, असाच त्याचा अर्थ सर्वसामान्य चालक घेतो. प्रत्यक्षात हे तंत्र महाराष्ट्रातल्या घाटांना मुळीच नवे नाही. ट्रक आणि एसटी चालविणाऱ्यांच्या आधीच्या पिढीला ते पोटापाण्यासाठी शिकावेच लागत होते.

चाकांचा वेग एक, इंजिनाचा दुसरा

गाडी गिअरमध्ये असताना इंजिन आणि चाके एकमेकांना बांधलेली असतात. गाडीचा वेग आणि गिअर ठरला, की इंजिनाचे दर मिनिटाचे फेरेही ठरतात. समजा, एखादी पेट्रोल मोटार ताशी 60 किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये जात आहे आणि तिचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत आहे. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये तिला सुमारे 2800 फेरे लागतील, दुसऱ्या गिअरमध्ये 4200 आणि पहिल्यामध्ये तब्बल 7200. हे आकडे गाडीगणिक बदलतात. पण गिअर जितका खालचा, तितके फेरे अधिक, हा हिशेब बदलत नाही.

आता चालकाने क्लच दाबला आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढला. इंजिन मोकळे झाले. त्याचे फेरे 2000 वरून खाली घसरू लागले. गाडीचा वेग मात्र फारसा कमी झालेला नाही. चालकाने तिसरा गिअर टाकून क्लच सोडला, त्या क्षणी गिअरबॉक्सला हवे आहेत 2800 फेरे आणि इंजिन घेत आहे कदाचित 1500. ही तफावत भरून कोण काढणार? क्लचची तबकडी घासली जाते आणि चाके इंजिनाला ओढून वर आणतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा गाडीच्या गतीमधूनच घेतली जाते. जाणवतो तो हिसका याचाच.

रेव्ह मॅचिंग म्हणजे ही तफावत क्लच सोडण्यापूर्वीच भरून काढणे. क्लच दाबलेला असताना अॅक्सिलरेटरला हलकीशी टिचकी द्यायची, फेरे 2800 च्या आसपास आणायचे आणि मग क्लच सोडायचा. दोन्ही बाजू एकाच गतीने फिरत असल्याने त्या शांतपणे जोडल्या जातात. गाडीत बसलेल्याला गिअर बदलल्याचे केवळ आवाजावरून कळते.

एसटीच्या चालकांचा 'डबल क्लच'

आजच्या मोटारींमध्ये गिअरबॉक्सच्या आत 'सिंक्रोमेश' ही यंत्रणा असते. अमेरिकेतील कॅडिलॅक कंपनीने ती 1928 मध्ये प्रथम आपल्या मोटारींमध्ये आणली. गिअर जुळण्यापूर्वी शंकूच्या आकाराची एक कडी दुसऱ्या भागावर घासते, दोघांची गती सारखी करते आणि मगच दाते एकमेकांत अडकू देते. त्यामुळे गिअर टाकताना खरखर होत नाही.

ही सोय ट्रक आणि बसगाड्यांमध्ये मोटारींच्या मानाने उशिरा रुळली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे अवजड वाहनांच्या चालकांना गिअरबॉक्सच्या आतील गती स्वतःच जुळवाव्या लागत. त्यासाठीचे तंत्र म्हणजे 'डबल क्लच'. क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच अॅक्सिलरेटर दाबून फेरे वाढवायचे, पुन्हा क्लच दाबायचा आणि खालचा गिअर टाकायचा. फेऱ्यांचा अंदाज चुकला तर दाते कर्कश आवाज करत आणि गिअर पडतच नसे. चढणीवर किंवा उतारावर गिअर न पडणे म्हणजे संकटाला निमंत्रण. म्हणून हे चालक इंजिनाचा आवाज कानाने मोजत. टॅकोमीटरकडे पाहण्याची त्यांना गरज भासत नसे.

सिंक्रोमेश आल्यावर डबल क्लचची आवश्यकता मोटारींपुरती संपली. पण येथेच एक गैरसमज रुजला. सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतील भागांची गती जुळविते, इंजिनाची नव्हे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच आहे आणि तेथील तफावत आजही चालकालाच भरून काढावी लागते. गिअर विनातक्रार पडला म्हणजे काम झाले, असे समजणारा चालक उरलेले अर्धे काम क्लचच्या तबकडीवर सोडून मोकळा होतो.

टिचकी किती आणि केव्हा?

या तंत्राचा क्रम सोपा आहे. प्रथम ब्रेकने गाडीचा वेग हवा तितका कमी करायचा. मग क्लच दाबून गिअर खालचा टाकायचा. क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने अॅक्सिलरेटरला क्षणभर टिचकी द्यायची आणि फेरे वर गेलेले असतानाच क्लच सलगपणे सोडायचा. साऱ्या क्रियेला एक सेकंदही लागू नये.

नवशिक्याची चूक सहसा दोनपैकी एका ठिकाणी होते. टिचकी देऊन तो थांबतो. तोवर फेरे पुन्हा खाली येतात आणि हिसका बसतोच. किंवा तो अॅक्सिलरेटर जास्त दाबतो. मग क्लच सुटताच गाडी मागे खेचली जाण्याऐवजी पुढे झेपावते. पुढे वाहन उभे असेल तर ही दुसरी चूक अधिक घातक. म्हणून सुरुवात उभ्या गाडीत करावी, तीही मोकळ्या हवेत. हँडब्रेक लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून पायाच्या किती दाबाने फेरे कुठवर जातात, हे आधी पायाला कळू द्यावे. त्यानंतर रिकाम्या, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरच्या आसपास तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर येण्याचा सराव करावा.

प्रत्येक इंजिनाचा स्वभावही निराळा असतो. लहान पेट्रोल इंजिनाचे फेरे चटकन चढतात आणि चटकन उतरतात. डिझेल इंजिन जड आणि संथ. त्याला टिचकी थोडी आधी आणि थोडी लांब द्यावी लागते. नव्या मोटारींत अॅक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, त्यामुळे पाय दाबणे आणि फेरे चढणे यांत किंचित अंतर पडते.

टाच आणि पंजा

वरील पद्धतीत एक अडचण आहे. वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबलेला असतानाच गिअर खालचा टाकायचा असेल, तर अॅक्सिलरेटरसाठी तिसरा पाय कोठून आणायचा? शर्यतीच्या चालकांनी यावर शोधलेला उपाय 'हील अँड टो' या नावाने ओळखला जातो. उजव्या पायाच्या पंजाने ब्रेकवरचा दाब कायम ठेवायचा आणि त्याच पायाची टाच किंवा बाहेरची कड वळवून अॅक्सिलरेटरला टिचकी द्यायची. ब्रेक, क्लच आणि अॅक्सिलरेटर ही तिन्ही कामे एकाच वेळी होतात आणि वळणात शिरताना गाडी योग्य गिअरमध्ये, स्थिर असते.

वळणात ही स्थिरता सर्वांत महत्त्वाची. ब्रेक लावल्यावर गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकलेले असते, मागची चाके हलकी झालेली असतात. अशा वेळी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत क्लच हिसक्याने सुटला, तर मागची चाके क्षणभर घसरतात आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची पकड सुटते आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाऊ पाहते.

महाराष्ट्राच्या कारखान्यांनी अशा कसबाला साजेशा मोटारी वेळोवेळी दिल्या आहेत. 2001 मध्ये फियाटने बाजारात आणलेली पालिओ मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात बनत असे, तिचे 1.6 लिटरचे इंजिन त्या काळी शौकिनांच्या कौतुकाचा विषय होते. 2015 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावातून 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाहेर पडली, तीही हाताने गिअर टाकायची. चाकणच्या कारखान्यात बनणारी फोक्सवागनची व्हर्टस 1.5 लिटरच्या, 150 अश्वशक्तीच्या इंजिनासह सहा गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये 2023 मध्ये उपलब्ध झाली. अशा गाडीत दुसरा गिअर चुकीच्या क्षणी पडला, तर त्याचा धक्काही तिच्या ताकदीला शोभेल असाच असतो.

टाच-पंजाचे हे तंत्र सार्वजनिक रस्त्यावर शिकण्याचे मात्र नाही. ब्रेकवरचा पाय वळविताना दाब कमी-जास्त होतो आणि शिकणाऱ्याच्या पुढे कोणी अचानक आले तर सावरायला वेळ उरत नाही. त्याची जागा बंदिस्त ट्रॅकवरच आहे. रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा असून, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रोजच्या प्रवासासाठी आधी ब्रेक, मग टिचकीसह गिअर, हा साधा क्रम पुरेसा आहे.

पावसात एबीएसही हतबल

पहिल्या पावसात रस्त्यावर तेल, धूळ आणि पाणी यांचा बुळबुळीत थर तयार होतो. मासळीच्या गाड्यांमधून गळणारे पाणी पडते त्या किनारपट्टीच्या रस्त्यांवर हा धोका पावसाळ्यापुरताही मर्यादित राहत नाही. अशा रस्त्यावर 'आपल्या गाडीला एबीएस आहे' हा दिलासा पुष्कळ चालक बाळगतात. एप्रिल 2019 पासून देशात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले, हे खरे. पण एबीएस ब्रेकचा दाब सैल करून चाक सोडविते. चाक ब्रेकमुळे नव्हे, तर खालच्या गिअरच्या ओढीने अडले असेल, तर सैल करण्यासाठी ब्रेकचा दाबच नसतो. काही आधुनिक मोटारींतील स्थैर्य नियंत्रण यंत्रणा अशा वेळी इंजिनाचे फेरे आपणहून वाढविते, परंतु ती प्रत्येक गाडीत नसते. फेरे जुळवून सोडलेला क्लच हा येथे सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे चुकीचा गिअर. वर दिलेल्या उदाहरणातील मोटार ताशी 100 किलोमीटर वेगात असताना चौथ्या गिअरऐवजी चुकून दुसरा पडला, तर इंजिनाला 7000 फेरे घ्यावे लागतील. इंजिनाची मर्यादा 6500 असेल तर इलेक्ट्रॉनिक रोधकही उपयोगाचा नाही. तो केवळ इंधन तोडतो, येथे तर इंजिनाला चाकेच फिरवीत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च मालकाच्या तोंडचे पाणी पळवितो. टिचकी देण्याची सवय असलेला चालक कोणत्या गिअरला किती फेरे लागतील याचा विचार आधी करतो आणि गिअरचा दांडा घाईने खेचत नाही.

घाटातील उतार आणि न्यूट्रलचा मोह

या तंत्राची खरी कसोटी उतारावर लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंचीवर आहे, तर घाटाच्या पायथ्याचे खोपोली शंभर मीटरच्याही खाली. दीड टन वजनाची मोटार बोरघाटात 500 मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे 73 लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. एवढ्या ऊर्जेत 23 लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. काही भाग हवा आणि टायर शोषून घेतात. उरलेला सर्व ब्रेकवर टाकला तर तबकड्या तापतात, पॅडची पकड कमी होते आणि टोकाच्या स्थितीत ब्रेकच्या तेलाला उकळी फुटून पेडल थेट खाली जाते. पंधरा टनांच्या मालमोटारीत हा हिशेब दहापट होतो.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर हे ओझे इंजिन वाटून घेते. अॅक्सिलरेटर सोडलेले पेट्रोल इंजिन बंद झडपेमधून हवा ओढण्यासाठी धडपडते आणि ती धडपडच गाडीला रोखते. डिझेल इंजिनात अशी झडप ब्रेकचे काम करीत नसल्याने हा रोध कमी पडतो, म्हणून अवजड वाहनांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक दिलेला असतो. ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम या शास्त्रावरच उभा आहे.

याउलट डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याचा मोह आजही अनेकांना होतो. घाटात न्यूट्रलवर वाहन उतरवू नका, असे महामार्ग पोलीस वारंवार बजावतात. आधुनिक इंजिनात ही बचतही फसवी आहे. गाडी गिअरमध्ये उतरत असते आणि अॅक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा इंजिनाचा संगणक इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मिळणारी मदत काही दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते.

उतारावर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर टाकायला गेल्यास उशीर झालेला असतो. इंजिनाला लागणारे फेरे प्रत्येक क्षणी वाढत असतात. सिंक्रोमेश नसलेल्या गाडीत तर गिअर पडतच नाही आणि ती न्यूट्रलमध्येच अडकते. मीरा-भाईंदरच्या वेशीवरील घोडबंदर मार्गावरचा गायमुख घाट असो की बोरघाट, गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा, हेच योग्य.

संगणकाने उचललेली विद्या

फेरे जुळविण्याचे काम आता यंत्रेही करू लागली आहेत. 1989 च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये फेरारीने स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरविली आणि नायजेल मॅन्सेलने ती जिंकूनही दाखविली. पुढे सारी फॉर्म्युला वन त्याच वाटेने गेली. निसानच्या 370 झेड या मोटारीने 2009 च्या मॉडेलपासून मॅन्युअल गिअरबॉक्ससह आपोआप फेरे जुळविण्याची सोय दिली. भारतात 2014 मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओपासून लोकप्रिय झालेल्या एएमटी गाड्यांतही क्लच आणि फेरे यांचा मेळ संगणकच घालतो. दुचाकींमध्ये चाकणला बनणाऱ्या बजाज डॉमिनारसारख्या मोटरसायकलींना 'स्लिपर क्लच' असतो. गिअर हिसक्याने पडला तरी तो थोडा घसरतो आणि मागचे चाक अडू देत नाही.

तरीही रस्त्यावरच्या असंख्य मोटारी, टेम्पो आणि मालमोटारींत क्लच आजही चालकाच्याच पायाखाली आहे. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये सहसा गाडी सुरू करणे, वरचे गिअर टाकणे आणि मागे घेणे यांवर भर असतो. खालच्या गिअरचे शिक्षण 'गाडी स्लो झाली की टाका' एवढ्यावर आटोपते. क्लचची तबकडी लवकर झिजणे, पावसात गाडी घसरणे आणि घाटात ब्रेक तापणे या तीन वेगवेगळ्या तक्रारींचे एक मूळ त्या अपुऱ्या शिक्षणात आहे.

हे लक्षात ठेवा

- वेग कमी करण्याचे काम ब्रेकचे. गाडी थांबविण्यासाठी क्लच आणि गिअर वापरू नये. ब्रेक पॅड क्लचपेक्षा स्वस्त असतात.
- एका वेळी एकच गिअर खाली यावे. वेग त्या गिअरला साजेसा झाल्याखेरीज क्लच सोडू नये.
- वळणात शिरण्यापूर्वी गिअर टाकून झालेला असावा.
- उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर निवडावा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून थांबून वापरावा.
- घाटात न्यूट्रल नाही आणि इंजिन बंद तर मुळीच नाही.
- गिअर बदलताना हिसका बसला नाही, तर फेरे जुळले असे समजावे.